गुडघ्यावरून दिसलेली खिडकी

मी तशी चमत्कार-बिमत्कार मानणाऱ्यातली नाही. आमच्या घरात नवस नव्हता, अंगारा नव्हता, ताईत तर नाहीच नाही. बाबा रोज सकाळी बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून, गुडघे, हात आणि कपाळ जमिनीला टेकून पंचांग प्रणाम करायचे आणि उठता उठता आम्हा दोघा भावंडांना बजावायचे, "काही मागायचं नाही हं. आपली मान किती ताठ झालीय ते बघायला रोज वाकायचं." पुढे मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला जर्मनीत आले, लुडविग्सहाफेनला नोकरीला लागले, आणि कधी ते आठवत नाही, पण वाकायचं बंद झालं. मूर्ती होती घरात, इंटरनेटच्या राउटरशेजारी. शनिवारी तिच्यावरची धूळ पुसायची, झालं. त्यामुळे मी जे लिहितेय ते वाचून कुणी हसलं तर हसो बापडं. घडलं तसं सांगते.

आई आम्ही लहान असतानाच गेली. नागपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बाबांनी एकट्याने आम्हाला वाढवलं. धाकटा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान, मी त्याला बाळ्या म्हणते. तो तिथेच एका शाळेत चित्रकला शिकवतो. बाबा आजारी पडले तेव्हा माझी डॉक्टरेटची शेवटची तोंडी परीक्षा पंधरा दिवसांवर होती. बाळ्याचा फोन आला, "ताई, आत्ताच्या आत्ता निघ." मी म्हटलं, तू उगाच घाबरतोस, आधी रिपोर्ट पाठव. बिचाऱ्याने एकेका कागदाचा फोटो काढून पाठवला. मी आकडे वाचले आणि उलट त्यालाच समजावलं, आकडे काही इतके वाईट नाहीत, परीक्षा झाली की येतेच. तो म्हणाला, "मी आकडे नाही सांगून राहिलो ताई, बाबांचा चेहरा सांगून राहिलो." चौथ्या दिवशी बाबा गेले. मी पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बरं, एवढं झाल्यावर तरी गप्प बसावं की नाही? छे! परत आल्यावर मी त्याला लांबलचक ईमेल लिहिली. कोणता आकडा किती होता आणि त्यावरून माझा निर्णय कसा चुकीचा नव्हता, अगदी मुद्देसूद. त्या दिवसापासून पाच वर्षं बाळ्या माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी वाढदिवसाला, बुद्धपौर्णिमेला मेसेज करायचे. निळ्या खुणा उमटायच्या, उत्तर यायचं नाही. माझ्याही कुठल्या मेसेजमध्ये 'माझं चुकलं' एवढं कधी नव्हतं, हेही इथे सांगायला हवं.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला न्युरेम्बर्गला आपल्या मंडळींनी एक हॉल घेतला होता. मी गेले ती वंदनेपेक्षा पुरणपोळीसाठी, खोटं कशाला बोलू! वंदना संपल्यावर मैत्रिणीची मुलगी कोपऱ्यात टॅबलेटवर कार्टून बघत होती. सहज नजर गेली आणि माझ्या हातातली ताटली हातातच राहिली. आमचं कार्टून! लहानपणी शेजारच्या काकूंच्या रंगीत टीव्हीवर हिंदीत लागायची ती जपानी मालिका. प्रत्येक भाग एकाच चित्रावर संपायचा. दगडी गल्ली, टोकाला घड्याळाचा मनोरा, उजवीकडे लाकडी पट्ट्यांचं घर आणि त्याची वरची तिसरी खिडकी उघडी. त्या खिडकीतून कुणीतरी घरी बोलवायचं. कोण ते कधीच दिसायचं नाही. बाळ्या म्हणायचा, आईच असेल. मग घरी येऊन तो तेच चित्र वहीत काढायचा, आणि मी मोठी ताई त्याच्या चुका काढायची. "एवढाले दगड असतात का रे रस्त्यात? भाकरीएवढे?" तो रडकुंडीला यायचा, पण दगड लहान करायचा नाही. हे सगळं मी त्या मुलीला मराठीत सांगितलं. तिला सगळं कळलं, उत्तर मात्र तिने जर्मनमध्ये दिलं, की ही गल्ली खरीच आहे, चित्र काढणारे जर्मनीत येऊन ती बघून गेले होते, इथून दीड तासावर आहे. त्या शेवटच्या चित्राचा फोटोही तिने मला पाठवला.

रात्रभर माझ्या डोक्यात एकच. त्या गल्लीत जाऊन अगदी तसाच फोटो काढायचा आणि बाळ्याला पाठवायचा. बाकी कशाला नाही, तर त्याला तरी उत्तर देईल. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दोन गाड्या बदलून मी त्या गावात उतरले. गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. तट, वेशी, खिडक्याखिडक्यांत लाल फुलं, आणि नुकताच पाऊस पडून गेलेला. गल्ली लगेच सापडली. मनोरा होता, घर होतं. पण फोन वर धरून जुळवायला गेले तर चित्र काही केल्या बसेना. मागे सरकले, पुढे झाले, भिंतीला चिकटले. मनोरा बसवावा तर घर वाकडं, घर बसवावं तर मनोरा अर्धा. चांगला तासभर मी त्या गल्लीत येरझाऱ्या घातल्या. शेवटी इतकी चिडले की वाटलं, काढणाऱ्यानेच चुकीचं काढलंय. आणि हे मनात आलं तशी मीच चपापले, कारण हा आवाज माझ्या ओळखीचा होता. एका पायरीवर बसले आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मला धाय मोकलून रडू आलं. मनात म्हटलं, बाबा, आता मला काही सुचत नाहीये. मागणं नव्हतं ते. नुसतं सांगणं होतं.

डोळे पुसून बघते तर समोर एक म्हातारे जपानी गृहस्थ. सत्तरीच्या पुढचे, डोक्यावर कापडी टोपी, काखेत प्लास्टिकची फाइल. मला काय वाटलं कोण जाणे, जपानी म्हणजे बुद्धाचेच, असं धरून मी हात जोडून म्हटलं, "नमो बुद्धाय." ते गोंधळले. मग कंबरेतून वाकून त्यांनीही नमस्कार केला आणि मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, "फोटो?" त्यांच्या फाइलमध्ये त्याच मालिकेतली चित्रं छापलेली होती, माझ्या फोनवरचं चित्रही त्यात होतं; म्हणजे तेही त्या जागा शोधत हिंडत होते. मी मान हलवून सांगितलं, बसत नाही. ते हसले, पिशवीतून फोमचा एक हिरवा तुकडा काढला, ओल्या दगडांवर गल्लीच्या मधोमध ठेवला, आणि कटकट गुडघे वाजवत त्यावर टेकले. मग कागद डोळ्यांसमोर धरून मला खूण केली, तुम्ही बघा.

मी उभ्या उभ्या वाकून बघायला लागले, तर त्यांनी हाताने 'नाही, नाही' केलं. आपल्या कमरेशी हात धरून एवढीशी उंची दाखवली आणि म्हणाले, "किंड." मूल. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते चित्र मोठ्या माणसाच्या नजरेचं नव्हतंच. त्या गल्लीतून घरी येणाऱ्या मुलाच्या उंचीवरून ते काढलेलं होतं. आजोबा उठले, तो फोमचा तुकडा माझ्याकडे सरकवला. लाज वाटली हो! येणारी-जाणारी माणसं, आणि मी भर रस्त्यात गुडघे टेकायचे. पण टेकले. फोन डोळ्यांसमोर धरला, आणि मनोरा मनोऱ्यावर बसला, छत छतावर बसलं. आणि खाली दगड, भाकरीएवढे दगड, वहीत बाळ्या काढायचा अगदी तसेच. बाळ्या बरोबर होता. तेव्हाही बरोबर होता, आणि बाबांच्या वेळीही.

फोटो काढला, त्याला पाठवला, खाली काहीच लिहिलं नाही. निळ्या खुणा उमटल्या. मी तशीच बसून राहिले. आभार मानायला मागे वळले, तर आजोबा गल्लीच्या टोकाशी पोहोचले होते. फोम मला ठेवून घ्यायची खूण करत कोपऱ्यावरून वळले. तेवढ्यात फोन वाजला. पाच वर्षांनी माझ्या भावाचं पहिलं वाक्य आलं होतं:

"तिसरी खिडकी बंद आहे."

मी हसायला लागले, आणि पुन्हा रडायलाही. चूक काढली होती पठ्ठ्याने! बरोबर, माझाच भाऊ! मी उठले आणि तडक त्या घराची बेल दाबली. एका आजीबाईंनी दार उघडलं. मी माझ्या सगळ्या जर्मनची वाट लावत सांगायला लागले, की वरची खिडकी, माझा भाऊ, लहानपणी. त्यांनी मला मधेच थांबवलं. "या, या. दास फेन्स्टर." हो, हो, ती खिडकी. गेली कित्येक वर्षं लोक ह्यासाठी बेल दाबतात म्हणे, जेवायलाही सुख नाही. कुरकुरत जिना चढल्या, आणि मी परत जाऊन गुडघे टेकेपर्यंत त्यांनी खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. वरून बाहेर डोकावून मला ओरडून विचारलं, "गूट सो?" ठीक आहे का?

दुसरा फोटो गेला. ह्या वेळी मेसेज आला नाही, थेट फोन आला. मागे कुठेतरी पंखा कुरकुरत होता.

"ताई, तू गुडघ्यावर बसली काय?"

"तुला रे कसं कळलं?"

"दगड बघ ना केवढाले आले. उभं राहून असे येत नाहीत."

"बाळ्या, माझं चुकलं रे. तू चेहरा सांगत होतास. मी आकडे वाचत बसले."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाला, "बाबा शेवटच्या दिवशी म्हणत होते, तिची परीक्षा होऊ दे, तिला रागावू नको. मी हे तुला सांगितलंच नाही. पाच वर्षं मुद्दाम नाही सांगितलं." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "आता ऊठ. गार दगडावर किती वेळ बसशील? गुडघे धरतील."

त्या गृहस्थांचं नाव मला माहीत नाही. त्यांना बाबांनी पाठवलं, असं मी म्हणणार नाही; बाबांनाच ते आवडलं नसतं. ते त्यांच्या यात्रेला आले होते, मी माझ्या. पण त्या दिवशी मला वाकवणारं कुणीतरी आलं, ह्याबद्दल मी रोज कृतज्ञ असते. मूर्ती आता राउटरजवळ नाही, खिडकीपाशी आहे. तिच्यासमोर तो हिरवा फोमचा तुकडा असतो. सकाळी त्यावर गुडघे टेकते, मागत काहीच नाही. मग उठून नागपूरला फोन लावते, आणि बाळ्या विचारतो, "वाकली काय आज?"