वायर नसलेला भोंगा आणि माझा पॅच

मला ओळखणारे हे वाचून हसणार आहेत, ते मी धरूनच चाललेय. आमच्या नव्या गाडीच्या चाकाखाली सासूबाईंनी लिंबू ठेवलं होतं, ते उचलून मी त्याचं सरबत केलं होतं... अशी मी. माझ्या धंद्यात ‘आपोआप झालं’ या शब्दांना काही किंमत नसते. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतंच, ते फक्त अजून सापडलेलं नसतं. या मतावर मी आजही ठाम आहे. म्हणून तर हा अनुभव लिहायला इतका उशीर झाला.

मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र नितीन, आम्ही दोघांनी मिळून नाशिकला अंबडमध्ये एक छोटी कंपनी काढली आहे. कोल्ड स्टोरेजमधलं तापमान सांभाळणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. त्यांच्यावर एक ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम चालते. नाव मुद्दाम सांगत नाही. जगभरातले लोक ती हौसेने बांधतात. कोणाला त्यात चूक सापडली की दुरुस्ती, म्हणजे पॅच, सगळ्यांसमोर मेलवर मांडायची. बाकीचे तिच्यातली खोट काढतात, आणि त्यातून टिकली तरच ती आत जाते. मग तो पॅच जाहीर होतो आणि त्याच्यापुढे लिहिलेलं असतं — रिलायबिलिटी किंवा सिक्युरिटी. म्हणजे मशीन बंद पडू नये म्हणून केलेली दुरुस्ती, किंवा कोणी बाहेरून घुसू नये म्हणून केलेली. मी बरीच वर्षं ते पॅच लावत आले होते. माझा स्वतःचा एकही नव्हता.

दिंडोरीच्या थोडं अलीकडे, द्राक्षबागांमधून आत जाणाऱ्या एका डांबरी रस्त्यावर बागायतदारांच्या गटाचं कोल्ड स्टोरेज आहे. गटाचे प्रमुख रामनाथआण्णा. साठीचे, मितभाषी, उगाच कोणावर न चिडणारे गृहस्थ. समोर लांबलचक पॅकिंग हॉल, त्यात गावातल्या बायका द्राक्षांचे घड साफ करून पेट्या भरतात, आणि हॉलच्या मागे थंड खोल्या. आमचे कंट्रोलर तिथे बसवले आणि पहिल्याच हंगामात घोटाळा सुरू झाला. मधूनच एखादा कंट्रोलर गोठायचा. स्क्रीन बंद पडत नसे, हीच तर पंचाईत. शेवटचं तापमान तसंच दिसत राहायचं. आकडा छान थंड, आणि आत खोली हळूहळू तापतेय... एकदा एक अख्खी खोली अशीच गेली. परदेशी जायचा माल, मणी मऊ पडले, देठ सुकले. आण्णा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की पुन्हा असं झालं तर तुमचे डबे काढून घेऊन जा, आम्ही जुन्या पद्धतीने चालवू.

नितीनला वाटायचं, तिथलं कोणीतरी प्लग हलवत असणार. मला वाटायचं, चूक ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत आहे. मी मेलिंग लिस्टवर तसं लिहिलंही. तिथे एक मेंटेनर आहे, म्हणजे कोणता पॅच आत घ्यायचा ते ठरवणारा, खडूस म्हणून प्रसिद्ध. त्याने दोन ओळींत उत्तर दिलं: चूक पुन्हा घडवून दाखवा, मग बोलू. आणि तेच तर जमत नव्हतं. मशीन गोठलंय हे कळेपर्यंत खूप वेळ गेलेला असायचा. तोवर कोणीतरी बटण बंद-चालू केलेलं असायचं, आणि पुरावा गेलेला.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी विमलताईंचा फोन आला. पॅकिंग हॉलचं सगळं त्या बघतात. बायका त्यांच्या शब्दाबाहेर नसतात. आवाजात घाबरलेपणा नव्हता, पण नेहमीची थट्टाही नव्हती.

“म्याडम, भोंगा वाजला म्हणून आम्ही आत पळालो,” त्या म्हणाल्या. “स्क्रीन म्हणती समदं बरं हाय, अन् आत पंखेच बंद.”

वेळेवर कळल्यामुळे माल वाचला होता. मी खूश झाले आणि मग थबकले. कोणता भोंगा? आम्ही तर भोंगा बसवलाच नव्हता. त्यांनी सांगितलं, हॉलच्या भिंतीवरचा, तो जुना लाल. आधी त्या जागेवर दुसऱ्या कोणाचा तरी कारखाना होता, त्याचा पाळीचा भोंगा. आण्णांनी जागा घेतली तेव्हाच त्याची वायर तोडून टाकली होती, फक्त तो भिंतीवरून उतरवला नव्हता.

साहजिकच मला वाटलं, कोणीतरी वायर जोडली असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी कामं आटोपली आणि दुपारी दिंडोरीला गेले. शिडी मागवली आणि वर चढले. भोंग्याच्या मागून दोन वायरी निघत होत्या आणि वीतभर अंतरावर कापलेल्या होत्या. टोकांना जुनी टेप, टेपवर धूळ, धुळीवर कोळ्याचं जाळं. भिंतीत दुसरं काही नाही. बॅटरी नाही, काही नाही. खाली बायका काम करताकरता माझ्याकडे बघत होत्या. मी तिथूनच नितीनला फोन लावला आणि सांगत होते की अरे, ही वायर कोणी जोडलेलीच नाही, यांना भास झाला असणार...

आणि भोंगा वाजला.

तो आवाज कसा होता, ते सांगायचा प्रयत्न करते. लांब, एकसुरी, पोटात जाणारा. सगळा हॉल त्याने भरून गेला. बायकांचे हात थांबले. माझा डावा हात त्या वेळी भोंग्याच्या तोंडावरच होता, तोल सांभाळायला धरलेला. पत्रा गार होता. आणि स्थिर होता. एवढा आवाज होत असताना त्याच्यात साधी थरथरही नव्हती.

“अगं, आधी तो भोंगा बंद कर, काही ऐकू येत नाहीये,” नितीन फोनवर म्हणाला.

नाशिकमध्ये बसलेल्या नितीनलाही तो ऐकू आला होता. त्यामुळे हॉलमधल्या हवेत काहीतरी होतं, आम्हा सगळ्यांना एकदम भास झाला, असलं काही म्हणायची सोय राहिली नाही.

मी शिडीवरून कशी उतरले, आठवत नाही. घाबरून पळणारे पाय असतात तसेच माझे पाय पळाले, पण दाराकडे नाही, कंट्रोलरकडे. तोवर भोंगा थांबला होता. लाइट नुकतीच गेली होती आणि जनरेटर धडधडत सुरू झाला होता. स्क्रीनवर सुंदर थंड आकडा. खोलीचं दार ढकललं तर पंखे थांबलेले. मशीन गोठलं होतं, आणि मी पहिल्यांदाच त्याच क्षणी त्याच्यासमोर उभी होते.

कोणीही कशालाही हात लावू नका, असं मी सांगितलं. विमलताईंनी माल बाजूच्या खोलीत हलवायला बायका लावल्या. आण्णा माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी लॅपटॉप जोडला आणि डिबगर उघडला. डिबगर म्हणजे चालू मशीनच्या आत डोकावायची खिडकी समजा. आत जे दिसलं ते इतकं साधं होतं की मला हसू आलं. लाइट बदलताना नेटवर्कचा एक संदेश अर्धाच पोचला होता. नेमक्या त्याच वेळी मशीन तापमान वाचायला गेलं होतं. दोन माणसं अरुंद दारात समोरासमोर यावीत आणि ‘आधी तुम्ही’, ‘नाही, आधी तुम्ही’ म्हणत तिथेच उभी राहावीत, तसं झालं होतं. दोघंही सभ्य. दोघंही कायमची अडकलेली.

“सापडलं का?” आण्णांनी विचारलं.

“सापडलं,” मी म्हणाले. “तुमच्या माणसांचा काही दोष नाही. आमच्या डब्याचाही नाही. खाली, सिस्टीमच्या पायातच चूक आहे.”

पॅच अगदी छोटा झाला, एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या ओळींचा. त्याच्याबरोबर एक छोटा प्रोग्रॅमही लिहिला, जो ते अर्धवट संदेश मुद्दाम पाठवून चूक पुन्हा घडवतो. दोन्ही लिस्टवर टाकलं आणि नखं खात बसले. मेंटेनरने अपेक्षेप्रमाणे नाक मुरडलं. एका नावाचं स्पेलिंग आवडलं नाही, एक कुलूप, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी आज्ञा, चुकीच्या ठिकाणी उघडलंय म्हणाला. ते त्याचं खरंच होतं, मी सुधारलं. मग त्याने माझा प्रोग्रॅम स्वतःच्या मशीनवर चालवला. त्यानंतरची मेल मी नितीनला मोठ्याने वाचून दाखवली. त्यात एवढंच होतं — माझंही मशीन गोठलं, पॅच बरोबर आहे.

नितीन खुर्चीवरून उठला, खाली गेला आणि सगळ्या गल्लीला पुरेल इतका चिवडा आणि पेढे घेऊन आला.

पण गोष्ट तिथे संपली नाही. लिस्टवरच्या एका सिक्युरिटीवाल्या बाईंनी विचारलं, हा अर्धवट संदेश कोणी मुद्दाम, दूर बसून पाठवला तर? म्हणजे ही सिस्टीम जिथे जिथे चालते, दवाखान्यात, पाण्याच्या पंपावर, कुठेही, तिथलं मशीन कोणालाही गोठवता आलं असतं. लिस्ट एकदम जागी झाली. इतके दिवस माझ्या तक्रारीकडे ढुंकून न बघणारे लोक पॅच तपासायला धावले. तो जाहीर झाला तेव्हा त्याच्यापुढे रिलायबिलिटी नव्हे, सिक्युरिटी लिहिलं होतं, आणि खाली माझं नाव. जगात कुठेकुठे ती मशीन्स असतील, त्या सगळ्यांवर तो लागणार होता. मी सासूबाईंना दाखवलं. त्यांना त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण नाव वाचता आलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

खरी परीक्षा मात्र दिंडोरीतच व्हायची होती. आम्ही सगळ्या कंट्रोलरवर पॅच लावला आणि मार्चअखेरीस अवकाळीने गाठलं. मी त्या दुपारी तिथेच होते. आकाश काळं झालं, पत्र्यांवर गारा वाजायला लागल्या आणि लाइटीचा खेळ सुरू झाला. गेली, आली, पुन्हा गेली. जनरेटर सुरू होतोय, बंद होतोय. हॉल पेट्यांनी गच्च भरलेला, कंटेनर दारात लागलेला. हंगामातला सगळ्यात चांगला माल त्या दिवशी आत होता. आणि एकूणएक बाई काम सोडून भिंतीवरच्या भोंग्याकडे बघत होती. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा.

प्रत्येक वेळी लाइट गेली की विमलताई हातातला थर्मामीटर घेऊन खोलीत जायच्या, मी स्क्रीन वाचायचे, त्या आतून आकडा ओरडून सांगायच्या. जुळायचा. पुन्हा लाइट गेली, पुन्हा जुळला. अशा किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. पंखे एकदाही अडकले नाहीत. पाऊस थांबला, लाइट येऊन टिकली. भोंगा गप्प होता.

विमलताई बाहेर आल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “जिंकलो, बायांनो.”

मग जो कल्ला झाला... कोणी गाणं म्हणायला लागलं, कोणी माझ्या तोंडात द्राक्षं कोंबली. आण्णा एका पेटीवर टेकून बसले होते आणि नुसते हसत होते. त्यांना इतकं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. डबे काढून न्यायचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. उलट कळवणच्या त्यांच्या पाहुण्यांनीही आमचेच कंट्रोलर बसवले.

हंगाम संपल्यावर आण्णांनी ठरवलं की भोंगा उतरवून नीट करावा आणि आपल्या सिस्टीमलाच जोडावा. गावातल्या वायरमनने तो खाली घेतला आणि सगळ्यांसमोर झाकण उघडलं. आत आवाज करणारं काहीही नव्हतं. कॉइल नाही, पडदा नाही. केव्हातरी कोणीतरी काढून नेलेलं. त्या जागी कुंभारमाश्यांनी बांधलेली मातीची घरटी, वाळून दगडासारखी झालेली, झाकणापर्यंत भरलेली. वायर जोडून वीज दिली असती तरी त्यातून हूं की चूं निघालं नसतं.

वायरमनने भोंगा उलटा करून पुन्हा आत पाहिलं. मी पाहिलं. नितीन त्या दिवशी मुद्दाम आला होता, त्यानेही पाहिलं.

मग विमलताईंनी पदराच्या टोकाने त्याच्यावरची धूळ पुसली. “कोणी का असंना, म्याडम,” त्या म्हणाल्या. “आपल्या बाजूचं हाय.” त्यांनी तो होता तिथेच परत लावायला लावला. नवा भोंगा शेजारी बसवला, तो वायरीवर चालतो.

मी माझ्या परीने सगळे तर्क करून पाहिले. शेजारच्या कुठल्या कारखान्याचा आवाज म्हणावा, तर जवळपास कारखाना नाही. जनरेटरचा म्हणावा, तर तो आवाज आम्ही सगळे रोज ऐकतो. शिवाय कंट्रोलर गोठल्याचं भिंतीवरच्या मुक्या भोंग्याला कसं कळावं, या प्रश्नाला तर कुठूनच हात घालता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर सांगा, मी खुल्या मनाने वाचेन.

त्या पॅचबद्दल आता मला भाषणाला बोलावतात. इतके दिवस कोणाला न सापडलेली चूक तुम्हाला कशी सापडली, हा प्रश्न ठरलेला असतो. मी सांगते, मशीन गोठलं त्याच क्षणी मी समोर होते आणि डिबगर उघडला. उत्तर खरं आहे, लोक टाळ्या वाजवतात, मलाही अभिमान वाटतो. फक्त त्या क्षणी मला तिथे बोलावलं कोणी, ते माझं मलाच माहीत नाही.