पिंडाजवळचा कावळा

वडिलांच्या दहाव्याला आमच्या लालबागच्या चाळीतली एक मुलगी कॉलेजच्या मित्रांना घेऊन बाणगंगेवर आली. इंटरनेटवरच्या, कुणालाही लिहिता येणाऱ्या ज्ञानकोशासाठी ती मुलं गिरणगावातल्या रीतींची नोंद करत होती. ज्ञानकोशाचं काम म्हणून मी होकार दिला होता.

पिंड मांडले. कावळे भिंतीवर बसून होते, पण एकही शिवेना. "बाबा, आईला मी सांभाळीन," मी हात जोडून म्हटलं. तेवढ्यात मागून कुजबुज आली, "अरे, वेफर टाक ना, येईल साला."

कुणीतरी पिंडाशेजारी वेफर फेकला. कावळा आला आणि वेफर उचलून उडाला. "मिळाला रे फोटो!" पिंड तसेच राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. घरी हे कळल्यापासून आई धड जेवत नव्हती.

पुढे तो लेख मी वाचला. फोटोखाली लिहिलं होतं, 'पिंडाला शिवणारा कावळा'. मला किळस आली. मी ती ओळ पुसून घडलं ते लिहिलं. थोड्याच वेळात जुनी ओळ परत आली. मुलीला विचारलं, तर म्हणाली, "काका, तिथे छापील पुरावा लागतो. तुमचं नुसतं म्हणणं नाही चालत."

संध्याकाळी तिनेच आईला तो फोटो दाखवला. "बघ, शिवला होता की!" आई मला म्हणाली आणि ताट घेऊन बसली. तिने दुसऱ्यांदा भात मागितला. मी तो वाढला, आणि त्या लेखाला पुन्हा हात लावला नाही. किळस मात्र गेली नाही.