अर्धी काकडी

माझ्या अंड्यांच्या गाळ्याला लागूनच काकडीवालीचा गाळा. तिचं तोंड म्हणजे भोंगा, सकाळी सुरू झाला की संपायचं नाव नाही! कुणी काकडी उलटीपालटी करून बघायला लागलं, की हिने ती कडाककन मोडलीच. अर्धी स्वतःच्या तोंडात, अर्धी गिऱ्हाइकाच्या हातात. "धुवायचं काय त्यात? जन्मभर अशीच खातेय. मला कुठं काय झालं?"

काकड्या टवटवीत दिसाव्यात म्हणून ती त्या बादलीत बुचकळायची. बादली मात्र कधी उपडी करायची नाही, वरून पाणी ओतत राहायची. "अगं बये, एकदा तळ तरी बघ!" मी ओरडायचे. ती हसून मलाच अर्धी काकडी द्यायची, आणि मीही खायचे.

तिच्या लेकीचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं. तसं साधंच, पण नंतर ताप चढला. औषधं बदलून झाली, डॉक्टरांचे चेहरे उतरले, ताप काही उतरेना. मग इस्पितळाच्या प्रयोगशाळेतली बाई, हे जंतू आले कुठून ते शोधत बाजारात येऊन काकड्या आणि बादलीतलं पाणी घेऊन गेली.

पुढे तिने आम्हा दोघींना बोलावून एक काचेची बशी दाखवली. बशीत जंतूंची पांढुरकी साय धरली होती आणि तिच्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या. औषधाने जंतू मरत असते, तर टिकलीभोवती मोकळं रिंगण पडलं असतं. इथे साय टिकल्यांना खेटून वाढली होती. काकडीवाली वाकून बघत राहिली आणि सवयीने बोलून गेली, "काय जोमानं आलंय!"

"हे तुमच्या बादलीतलं," बाई म्हणाली. "मुलीच्या रक्तातही हेच सापडलंय. तुमच्या पोटातही असेल. धडधाकट माणसाच्या पोटात ते गुपचूप राहतं, पण ऑपरेशनच्या वाटेने रक्तात शिरलं की जिवावर उठतं."

लेक लहानपणापासून आईच्याच हातची काकडी खात आलेली. शेवटचं औषधही लागू पडलं नाही आणि पोर गेली.

काकडीवाली अजून गाळ्यावर येते, पण विकत काही नाही. बादली उपडी घालून तिच्यावरच बसते. ना ताप, ना खोकला, अगदी ठणठणीत. मला तिची दया येते आणि खरं सांगते, भीतीही वाटते.

काल तिने माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. "बघ ना गं," म्हणाली, "मला का काही होत नाही?"

मी हात सोडवून घेतला. तेव्हा लक्षात आलं, माझा दुसरा हात कधीचा माझ्याच पोटावर होता.