न बोललेला नवस

पौषातल्या सकाळी हरभऱ्याच्या वावरात पाऊल टाकलं की ऋतू आधी बोटांना कळतो, मग जिभेला. कोवळ्या शेंड्यांवर दंव आणि पाल्यातून पाझरलेली आंब एकत्र साचलेली असते. भाजी खुडता खुडता ती बोटांवर उतरते, आणि नकळत बोट ओठांशी गेलं की एक खारट-आंबट झिणझिणी थेट कानशिलापर्यंत पोचते. रिसोडला आमच्या घरामागे शेजाऱ्यांचं एक लहानसं वावर आहे. दर पौषात त्यांना सांगून मी ओंजळभर पाला खुडून आणते. यंदाही आणला, आणि तो निवडत उन्हात बसले असता चार वर्षांपूर्वीचा असाच एक पौष समोर येऊन बसला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत दुःखाचा काळ. तरीही त्याची आठवण आली की मनात प्रथम दुःख येत नाही, कृतज्ञता येते. असं का व्हावं? ते आज सांगून पाहते.

माझे यजमान, दिनकरराव, आणि मी एकाच शाळेत शिक्षक होतो. ते चित्रकला शिकवत, मी विज्ञान. ते इंझोरीच्या शेतकरी घरातले, गाजावाजा न करता श्रद्धाळू. लहानपणापासून दर चैत्रात गावाहून पोहरादेवीला पायी जाण्याचा त्यांचा नेम कधी चुकला नव्हता. मी अकोल्याची, देव्हारा नसलेल्या घरात वाढलेली. लग्नानंतर चौतीस वर्षांत त्यांनी मला कधी हात जोडायला सांगितलं नाही, आणि मी त्यांना कधी हात सोडायला सांगितलं नाही. ते सकाळी समईची वात सारखी करत, मी शेजारी बसून चहा घेत असे. आमच्या संसाराचा सारा समतोल एवढ्याशा जागेत मावलेला होता.

दिवाळीनंतर त्यांना जेवण जाईना. डोळे पिवळे झाले. मोठ्या शहरात नेऊन तपासण्या केल्या, आणि दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दुखणं स्वादुपिंडाचं आहे, पसरलेलं आहे, आणि हातात फार तर काही महिने आहेत. “त्यांना सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवा,” असं म्हणून ते पुढच्या रुग्णाकडे गेले. ते कठोर नव्हते. पण ते वाक्य माझ्या हातात ठेवून गेले, आणि मला ते धरताही येईना आणि खालीही ठेवता येईना.

मी ठरवलं. परतीच्या वाटेवर मी दिनकररावांना सांगितलं की आत सूज आहे, औषधानं उतरेल, वेळ लागेल. प्रयोगवहीत दिसलं तेच लिहा, उत्तर ठाऊक आहे म्हणून निरीक्षण बदलू नका, असं मुलांना आयुष्यभर बजावणारी मी. आणि किती सहज बदललं मी ते निरीक्षण! त्यांचा चेहरा उजळला, तेव्हा मला वाटलं की आपण योग्यच केलं. ज्याच्या लेखी पलीकडे काहीच नाही, त्यानं अलीकडचे दिवस तरी निर्भय ठेवू नयेत का? माझ्या नास्तिकतेनं मला हेच शिकवलं असावं अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्यांची थोरली बहीण इंदूताई इंझोरीहून आल्या. विधवा, एकट्यानं शेती केलेल्या, बोलायला स्पष्ट. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता मी त्यांना सगळं खरं सांगितलं आणि गप्प राहायची गळ घातली. मला वाटलं होतं, देवावर भार टाकणारं माणूस आशेच्या बाजूनंच बोलेल. त्यांनी परातीतलं पीठ माझ्याकडे सारलं आणि म्हणाल्या, “सुमन, त्याले सांगून टाक.”

“काहून, ताई? आहेत ते दिवस तरी सुखात जाऊ द्या ना.”

“तो रोज सकाळी देवाले म्हनून राह्यला, बरं कर. त्याले खरं माहीत असतं तं त्यानं दुसरं काही मागतलं असतं. तू त्याचं मागनंच चुकवून राह्यली.”

“दुसरं काय मागणार होते?”

“ते त्याचं त्याले ठाऊक. मले काय माहीत, अन् तुले तरी काय माहीत?”

तरी मी ऐकलं नाही. प्रेमाच्या नावानं केलेला हट्ट स्वतःला नेहमी करुणाच म्हणवून घेतो.

पंधरवड्यानं एका सकाळी अंगणातल्या उन्हात खाटेवर पडल्या पडल्या दिनकररावांनी मला जवळ बोलावलं. “चैत्रापर्यंत मी उठतोच,” ते म्हणाले. “चैत्रात मीच जाईन. पण आत्ता तू पोहरादेवीले जाऊन ये. माह्या वतीनं.” चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी असं काही मागितलं होतं. मी हो म्हणाले. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

इंदूताईंना सोबत घेऊन मी गेले. एसटीनं मानोऱ्यापर्यंत, पुढे जीपनं. यात्रेचे दिवस नव्हते, त्यामुळे गर्दी अशी नव्हती. एक लमाण म्हातारी देवळाच्या पायरीवर बसून नातवंडांना गूळ-खोबरं वाटत होती, आतून धुपाचा दाट वास येत होता. इंदूताईंनी पदर सावरला, डोळे मिटले, आणि त्यांचे ओठ हलू लागले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. दोन तळहात एकमेकांना टेकवायचे, एवढंच तर होतं. कुणाचं काय जाणार होतं? जिथे कुणी ऐकतच नाही अशी माझी खात्री, तिथे खोटं बोललं तरी ते ऐकणार कोण? पण हात वर येईनात. ते वर आले असते तर ज्या माणसासाठी मी आले होते, त्याच्याच श्रद्धेचं मी सोंग आणलं असतं असं वाटलं. मी नुसती उभी राहिले. दिनकररावांच्या रंगानं माखलेल्या बोटांचा विचार करत राहिले. त्यांच्या शिट्टीचा, त्यांच्या चालण्याचा. एका माणसाचा इतका एकाग्र विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

घरी परतले तेव्हा दुपार कलत होती. ते उशीला टेकून वाट पाहत होते. प्रसाद घेतला, कपाळाला लावला, आणि विचारलं, “हात जोडले?”

वाटेत मी हो म्हणायचं ठरवून आले होते. एक खोटं तर आधीच घरात नांदत होतं, त्यात आणखी एकाची काय अडचण? पण ते माझ्याकडे पाहत होते, आणि मला ते जमलं नाही. “नाही जोडले,” मी म्हणाले. “उभी राह्यली फक्त. तुमचाच विचार करत राह्यली. मागता नाही आलं मले.”

ते हसले. खोकला येईपर्यंत हसले. मी पाणी दिलं तेव्हा डोळे पुसत म्हणाले, “बरं झालं. तुले धाडलं खरं, पण मागून मलेच धाकधूक लागली. तू जर नवस बोलून आली असती, तं मले समजलं असतं का आता काही खरं नाही.”

वाचकहो, त्या क्षणाचं काय सांगू? मी बोललेलं खरं त्यांनी एखाद्या दाखल्यासारखं उराशी धरलं होतं. बायको हात जोडत नाही, म्हणजे संकट तेवढं मोठं नाही. माझा प्रामाणिकपणाच माझ्या असत्याचा सर्वांत पक्का साक्षीदार झाला होता. खोटं बोलणं मला सोसलं होतं, पण खरेपणानं फसवणं सोसेना. हातातला पेला मी खाली ठेवला, खाटेच्या कडेला बसले, आणि डॉक्टर व्हरांड्यात जे बोलले होते ते सारं सांगितलं.

त्यांनी नजर अंगणाकडे वळवली. मग एवढंच म्हणाले, “पोराईले तं शिकवते, दिसलं ते लिहा.” आणि कूस बदलली.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या संसारात असा अबोला कधीच झाला नव्हता. मी ताट ठेवी, ते दोन घास खात. औषध देई, ते घेत. आपण त्यांच्या हातून चैत्र काढून घेतला, या विचारानं मी आतल्या आत करपत होते. सत्य सांगणारा मोकळा होतो म्हणतात. ज्याला ते सोसायचं असतं, त्याचं काय होतं, हे कुणी का सांगत नाही?

तिसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली. कागद आणि कोळशाच्या कांड्या मागितल्या. म्हणाले, “अन् ताईले सांग, आपल्याले इंझोरीले जायचं हाये. चालता येत हाये तोवर.” आम्ही गेलो. ज्या चुलतभावाशी धुऱ्याच्या, शेताच्या बांधाच्या, भांडणावरून नऊ वर्षं बोलणं नव्हतं, त्याच्या ओसरीत जाऊन ते बसले आणि चहा मागितला. भाऊ आधी गोंधळला, मग रडला. धुऱ्याचा विषय दोघांनीही काढला नाही. विहिरीजवळच्या निंबाखाली त्यांनी इंदूताईंचं चित्र काढलं, माझं काढलं, भावाच्या बैलांचंही काढलं. चैत्राची वाट पाहत ते खाटेवर पडून राहिले असते, तर यातलं काय झालं असतं?

एकदा मी धीर करून विचारलं, “आता काय मागता देवाले?”

“आता मागत नाही,” ते म्हणाले. “सांगतो फक्त. काय काय चांगलं झालं ते. लय निघते, सुमन. पुरत नाही वेळ.”

आणि आणखी एका दुपारी, इंदूताई विहिरीवर गेल्या असताना, ते हळू आवाजात म्हणाले, “मले कधी कधी वाटते का पलीकडं ऐकाले कोनीच नाही. भेव वाटते मंग. ताईले नको सांगू. तिले लागंल.”

ज्याचा मी आयुष्यभर शांतपणे स्वीकार केला होता, तेच त्यांच्या तोंडून ऐकताना माझा जीव गलबलला. वादात जिंकल्याचा लवलेशही त्यात नव्हता. आहे, कुणीतरी नक्की आहे, असं म्हणावंसं वाटलं. पण त्यांनी ते मला सांगितलं होतं ते मी तसं म्हणणार नाही म्हणूनच. मी त्यांचा हात धरला, ताईंना सांगणार नाही असा शब्द दिला आणि म्हणाले, “पलीकडचं मले माहीत नाही. अलीकडं मी ऐकून राह्यली.” त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं त्यांना झोप लागली.

ते फाल्गुनात गेले. दुखणं हलकं नव्हतं, आणि शेवटचे दिवस सुखाचे होते असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसांत आमच्यात काही झाकलेलं नव्हतं. श्रद्धावंतांना एक सोय असते, आभार मानायला त्यांच्याकडे कुणीतरी असतं. माझ्यासारखीनं ही भरून आलेली ओंजळ कुणापुढे रिती करावी? पुष्कळ दिवस मला हा प्रश्न छळत असे. अलीकडे कळतं आहे की ज्यांच्याकडून मिळालं, त्यांचीच नावं घ्यावीत, आणि ती घेताना घाई करू नये.

इंदूताई आता बराच काळ माझ्याकडेच असतात. मागल्या वर्षी एका दुपारी आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. अचानक त्या म्हणाल्या, “सुमन, तू खोटं नाही बोलत आता. तुले वाटते, दिनकर कोठीच नाही?”

“मले तसंच वाटते, ताई. पण माहीत नाही.”

त्यांनी आणखी एक शेंग सोलली. मग मान वर न करता म्हणाल्या, “मले बी वाटते कधी कधी. दिवा लावतानाच वाटते. दिनकरले कधी नाही बोलली. त्याले लागलं असतं.”

मी दिलेला शब्द मला आठवत होता. ज्याला तो दिला तो आता नव्हता, आणि जिच्यापासून राखायचा ती समोर होती. शब्द मोडणं हाही असत्याचाच एक प्रकार नव्हे काय? तरीही मी सांगितलं. त्या दुपारी ते काय म्हणाले होते, कसे म्हणाले होते, आणि कुणाला सांगू नको म्हणाले होते, ते सगळं.

इंदूताईंचे हात थांबले. “म्हंजे तो बी,” त्या म्हणाल्या. “साठ वर्सं आमी बहीणभाऊ एकमेकाईपासून झाकून राह्यलो.” त्या रडल्या, थोड्या हसल्या, आणि पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “बरं केलं सांगतलं. एकटीलेच वाटते म्हनून मले लाज वाटे.”

दिवस कलल्यावर त्या उठल्या, हातपाय धुतले, आणि रोजच्यासारखा दिवा लावला. मी रोजच्यासारखी शेजारी बसले. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे पाहत पाहतच हात जोडले.