कुंड्या तोलणारी मॅडम

मॅडम कुंडी काट्यावर ठेवायच्या आधी तिचं बूड ओढणीच्या टोकानं पुसायची. बुडाला चिकटलेली चिमूटभर मातीसुद्धा वजनात यायला नको. अशा चाळीस कुंड्या, रोज सकाळी. एवढ्या काळजीनं कोणाला लेकरू तोलतानाही मी पाहिलं नाही. गावात तिचं नाव कोणी घेत नसे. ‘तोलवाली मॅडम आली का?’ एवढंच विचारत.

ती हिंगणघाटकडच्या शेतकऱ्याची पोर. पिपरी मेघेला खोली करून राहायची आणि स्कूटीवर आमच्या वाडीत यायची. वाडी सेलूच्या रस्त्याला लागून आहे. तिथं मी वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतो. तिला कॉलेजच्या अभ्यासासाठी विहीर, वीज आणि दिवसभर घरी असणारं माणूस पाहिजे होतं. तिसरी गोष्ट म्हणजे मी. पगार देते म्हणाली. मी म्हटलं, ‘जागा देतो, लक्ष ठेवतो, पण मले नोकर म्हणजो नको.’ ती हसली, आणि त्या दिवसापासून मला बाबाजी म्हणायला लागली.

तिनं प्लास्टिकच्या चार खोल्या उभ्या केल्या, वरून उघड्या. आत कुंड्यांत हरभरा. दोन खोल्यांत आपली रोजची हवा. दोन खोल्यांत सिलिंडरमधून गॅस सोडायची, धुरातून आणि गाड्यांतून निघून हवेत वाढत चालला आहे तोच. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा जीव कोंडला. गॅसनं नाही, त्या चार भिंतींनी.

‘ही कुठली हवा आणली व माय?’

‘तुमच्या नातवाच्या म्हातारपणची.’

मी बाहेर आलो, खिशातली बिडी काढली आणि तशीच परत ठेवली.

समजावून सांगायची तिला खोडच होती. ‘बाबाजी, पानाले बारीक बारीक तोंडं असतात. त्यातूनच झाड हवा घेते अन् त्यातूनच पाणी उडते. हा गॅस जास्त भेटला का तोंड अर्धं मिटून घेते. पाणी वाचते.’ खरंच, गॅसच्या खोलीतल्या कुंड्यांचं वजन हळूहळू उतरायचं, साध्या खोलीतल्यांचं भरभर.

‘मंग चांगलंच हाय की! दुष्काळाचं टेन्शनच मिटलं.’

तिच्याकडे तापमान मोजायचं यंत्र होतं, बंदुकीसारखं. ती ते पानावर रोखायची. म्हणाली, ‘तोंड मिटलं का घाम नाई. घाम नाई का पान तापते. अन् गॅस खाऊन पानं मोठी झाली, तर वाचवलेलं पाणी तीच पिऊन टाकतात. एवढ्या सहज सुटका नाई, बाबाजी.’

आमचं भांडण झालं ते फुलं आल्यावर. प्रत्येक खोलीतल्या अर्ध्या कुंड्यांचं पाणी तिनं बंद केलं. तहानेलं झाड कोणत्या हवेत किती टिकतं, तेच तिला पाहायचं होतं. माझी माय म्हणायची, फुलावर आलेलं पीक म्हणजे दिवस गेलेली बाई, तिला तहानेलं ठेवू नये. मी तसं सुनावलं. मॅडम म्हणाली, ‘मी खोलीले कुलूप नाई लावत. तुमचा शब्द द्या.’ दिला. शब्द देऊन बसलो आणि त्या चार खोल्यांत मीच अडकलो. दहा पावलांवर भरलेली विहीर आणि डोळ्यांसमोर माना टाकलेली झाडं.

रविवारी ती घरी जायची. त्या दिवशी वजनं घेऊन वहीत लिहायचं काम माझं. तसल्या एका रविवारी साध्या हवेतल्या पाच नंबरच्या कुंडीला दोन घाटे धरलेले दिसले. बाकी सगळं झाड लोंबत होतं. मी वजन लिहिलं. मग लोटाभर पाणी टाकलं. वाटलं, दिवसभराच्या उन्हात उडून जाईल.

सोमवारी ती काट्यावर वाकली ती वर झालीच नाही. पाच नंबर पाऊण किलोनं वाढली होती. तीनदा तोलली.

‘बाबाजी, यात पाणी पडलं का?’

‘नाई.’

‘वाचण्यात चूक झाली असंन काल.’

तिनं मला दार उघडून दिलं होतं. मला जाता आलं नाही. ‘मी चौथी शिकलो, मॅडम, पण आकडा चुकत नाई.’

मग तिला काट्याचाच संशय आला. माझी भाजीची लोखंडी वजनं मागून घेतली आणि दोन दिवस काटा तपासला. वजनं बरोबर येत होती. तरी म्हणे, ‘कधी खरं, कधी खोटं सांगत असंन तर? काटा खोटा निघाला तर चाळीसच्या चाळीस कुंड्या खोट्या. अन् मले हा एकच हंगाम हाय, बाबाजी.’ विहिरीच्या काठावर वही मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

मी तोंड मिटून होतो आणि आतून तापत होतो. आमच्या म्हातारीनं, माझ्या बायकोनं, रविवारी सगळं पाहिलं होतं. ताट वाढता वाढता म्हणाली, ‘एका कुंडीसाठी त्या पोरीचं वरीस बुडवता काय? जिभेले का लकवा मारला?’

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तोच लोटा विहिरीवर भरला आणि मॅडमच्या समोर काट्यावर नेऊन ठेवला.

तिनं लोट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, ‘पाणी ओता अन् रिकामा पण ठेवा.’ तशी होती ती. दोन्ही वजनं लिहिली, वजाबाकी केली. ‘थोडं उडालं, बाकीचं तेवढंच. काटा खरा हाय.’ आणि वही माझ्यापुढं सरकवली. ‘लिहा.’ मी लिहिलं : पाच नंबरला मी पाणी दिलं. खाली सही केली. तिनं पाच नंबरवर काट मारली आणि ती कुंडी उचलून म्हातारीच्या तुळशीजवळ ठेवली. एक शब्द रागाचा नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

बाकीच्या तहानेल्या कुंड्यांना मी हात लावला नाही. साध्या हवेतल्या आधी सुकल्या, गॅसमधल्या काही दिवस जास्त तगल्या आणि मग त्याही सुकल्या. हंगाम संपला. मॅडमनं झाडं कापून, तोलून पाकिटांत भरली. खोल्या मोडल्या. स्कूटीला चावी लावून ती उभी राहिली.

‘बाबाजी, मी रविवारी घरी काऊन जात होती, माहीत हाय?’

‘मायबापाले भेटाले.’

‘नाई. सहा दिवस कसंतरी निभवत होती. सातव्या दिवशी इथं असती, तर मीच लोटा उचलला असता.’ ओढणीनं तिनं डोळे नाही, स्कूटीचा आरसा पुसला, आणि गेली. आता ती दूर कुठल्या तरी कॉलेजात शिकवते. पोळ्याला फोन करते.

चार खोल्या होत्या तिथं आता मी मेथी लावतो. रविवारी मोटर चालू केली की पहिलं पाणी तिकडेच सोडतो. बाकीची वाडी वाट पाहते. म्हातारी दर वेळी विचारते, ‘अजी, आधी तिकडंच काऊन?’

मी फावडं उचलतो आणि पाणी तिकडेच वळवतो.