कोरडं आहे, डॉक्टर

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढेसुद्धा नाही — त्याला काय, ठाऊक असणारच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या ओळखीतले नाही. बरंय ते.

आमचे हे त्र्यंबकला पौरोहित्य करायचे. आवाज असा खणखणीत, की संकल्प चार घरं पलीकडे ऐकू जाई. नऊ वर्षांपूर्वी नजर अधू व्हायला लागली आणि मेंदूच्या खाली, कवटीच्या तळाशी गाठ निघाली. नाशिकला ऑपरेशन झालं, तेही नाकातून. गाठ काढल्यावर तळाला पडलेलं भोक मांडीतली चरबी आणि पातळ पडदा लावून बुजवलं. डॉक्टरांनी मला बजावलं होतं — नाक शिंकरायचं नाही, दाबायचं नाही, वाकायचं नाही. आणि नाकातून पाण्यासारखं काही आलं तर लगेच सांगायचं. ती सर्दी नसते, मेंदूभोवतीचं पाणी असतं. म्हणजे मला माहीत होतं. हे आधी सांगून टाकते.

त्या रविवारी लेकीचा साखरपुडा होता. मुलाकडच्यांना आम्ही काय सांगितलं होतं? नाकाचं हाड वाढलंय! डोक्यात गाठ म्हटलं तर जमलेलं मोडेल — ही अक्कल माझी, यांची नव्हे.

शुक्रवारी दवाखान्यातून घरी सोडणार होते; सकाळी हे पलंगाखालच्या चपला बघायला वाकले — आणि नाकाच्या शेंड्यावरून टपटप दोन थेंब फरशीवर. अगदी नितळ. "सर्दी झाली वाटतं गं," हे म्हणाले. मी पदराने यांचं नाक पुसलं. फरशीही पुसली — फरशी कशाला पुसली मी? तासाभराने डॉक्टर आले, पाणी येतंय का म्हणून विचारलं. यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "छे हो! कोरडं आहे, डॉक्टर."

घरी आलो. साखरपुडा झाला, पेढे वाटले. मी पैठणी नेसून मिरवले, आणि मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? सोमवारी हे संध्येला बसले आणि सवयीने प्राणायामाला नाक दाबलं. मी ओरडले, तसा हात काढला. मंगळवारी ताप, मान लाकडासारखी ताठ. मेंदूच्या आवरणापर्यंत जंतू गेले होते. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा ठिगळ. जीव वाचला, दोन्ही कान गेले. आता यांना स्वतःचा संकल्पही ऐकू येत नाही.

आल्यागेल्याला हे अजून सांगतात, "ही बिचारी ओरडली होती हो, मीच गाढव, नाक दाबलं." डॉक्टरांनाही तेच सांगितलं, तेव्हा मी शेजारीच उभी होते. शुक्रवारचे थेंब? ते यांच्या लक्षातही नाहीत. माझं कौतुक सुरू झालं की मी चहा टाकायला आत जाते. एकदा हे वाती वळत बसले होते, तेव्हा यांच्या पाठीमागे उभी राहून सगळं मोठ्याने बोलले. ऐकू येत नाही म्हणूनच बोलले, दुसरं काय?

यांच्याशी बोलायला एक पाटी आहे. नऊ वर्षं तिच्यावर सगळं लिहिते — लाईट गेली, जावयांचा फोन होता, गोळी घ्या. आज दुपारी पाटी स्वच्छ पुसली, खडू घेतला. हे वाट बघत होते. मग लिहिलं, "जेवायला चला."

हे वाचून हसले, आणि उठले.