काळी एकची मुलगी

माझा आवाज जाड आहे. कुरिअरवाला फोनवर मला 'दादा' म्हणतो, गॅसवाला 'साहेब' म्हणतो. चांदवडची आत्या घरी आली की दरवेळी आईला म्हणायची, "पोरीचा आवाज लय जाड हाय गं, काहीतरी बघ." बघण्यासारखं काही नव्हतं. बारावीनंतर मी गाण्याच्या पदवीला प्रवेश घेतला, तेव्हा आत्याने हात जोडले.

पहिल्याच तासाला मॅडमनी वर्गाचे दोन भाग केले. मुलगे खिडकीकडे, त्यांची पट्टी पेटीवरची काळी एक. मुली दाराकडे, त्यांची पट्टी काळी चार, म्हणजे बरीच वरची. मॅडमचा स्वतःचा आवाज पातळ आणि गोड होता. वरचा सा त्या इतक्या सहज लावायच्या की बघत राहावं. मी दाराकडे बसले आणि सगळ्यांबरोबर सा लावला. मध्यमापर्यंत ठीक होतं. पुढे गळा आवळल्यासारखं व्हायला लागलं.

"लाजू नकोस, मोकळा लाव," मॅडम म्हणाल्या.

मी लाजत नव्हते. तिथे माझा आवाजच नव्हता.

दिवाळीपर्यंत मी ते रेटलं. आमची खोली अंबडच्या कारखान्यांजवळ. पप्पा पहाटेच्या शिफ्टला निघाले की मी मोबाइलवर तानपुरा लावून काळी चारमध्ये सरगमचे पलटे घोटायची. एके दिवशी बोलायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. डॉक्टरांनी आठवडाभर मौन सांगितलं. तपासताना ते म्हणाले, "ओढून गायलीस तर परत हेच होईल. तुझा आवाज खालचा आहे, तो आजार नाही."

आठवडाभर गप्प बसलेल्या माणसाला विचार करायला भरपूर वेळ असतो. घसा मोकळा झाल्यावर मी पहिल्यांदा काळी एकला तानपुरा लावला आणि सा म्हटला. तो छातीतून आला आणि जागेवर बसला. मी मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात उतरत गेले, पंचमाच्याही खाली. कुठे काही आवळलं नाही. आई स्वयंपाकघरातून डोकावली आणि म्हणाली, "हे तू गात होतीस?"

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि खिडकीकडे, मुलांमध्ये जाऊन बसले.

मॅडम म्हणाल्या, "जागा चुकलीस."

"नाही मॅडम. माझी पट्टी इथे आहे."

मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "अगं, पहिल्या वर्षाला आहेस. आवाज चढवायचा असतो, घडवायचा असतो. आत्ता सोय बघितलीस तर जन्मभर पुरुषी गाशील."

"पुरुषी नाही, माझ्यासारखं गाईन," मी म्हणाले. जागेवरून उठले नाही. मॅडमनी मुलांना सा लावायला सांगितलं. मीही लावला.

जानेवारीत कॉलेजात पाहुणे येणार होते आणि आमच्या वर्गाला स्वागतगीत म्हणायचं होतं. मुलींनीच म्हणायचं, एकसारख्या साड्या नेसून. तालमीत माझा आवाज वेगळा पडायला लागला. मॅडम मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "तू मागच्या रांगेत उभी राहा. नुसते ओठ हलव. कुणाला कळणार नाही."

त्या हे मायेने बोलल्या, हे मला आजही मान्य आहे. म्हणूनच जास्त लागलं.

"मॅडम, गायचं असेल तर गाईन. ओठ हलवायला नाही उभी राहणार."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या.

राहू दिलं. गाणं झालं, फोटो निघाले, मी कुठल्याच फोटोत नाही. आई चिडली. "एका गाण्यापुरतं ऐकलं असतंस तर काय बिघडलं असतं?" पप्पा डबा धूत होते. ते म्हणाले, "तोंड हलवायला नाही घातलं तिला कॉलेजात." विषय तिथेच संपला.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. शेजारी मॅडम. मी समोर बसताच परीक्षक साथीदाराला म्हणाले, "मुलगी आहे, काळी चार लावा."

"सर, काळी एक," मी म्हणाले.

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील. त्या समोरचा कागद सरळ करत म्हणाल्या, "तिची तीच आहे."

मी यमन गायले. खालच्या निषादावर थांबले तेव्हा सूर जागेवर बसला. परीक्षकांनी बंदिश पूर्ण ऐकली, मग ताना म्हणायला लावल्या आणि शेवटी म्हणाले, "समेवर घाई करतेस. तान कच्ची आहे. लय सांभाळ." आवाजाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. जाड आहे, पुरुषी आहे, वेगळा आहे, काही नाही. वर्गातल्या कुणालाही जे सांगितलं असतं तेच मला सांगितलं. बाहेर येऊन मी पाण्याची अख्खी बाटली संपवली.

गुण बेताचे पडले. लयीचेच कापले गेले आणि ते बरोबर होतं.

मॅडमचं आणि माझं अजून पटत नाही. परवाच त्या म्हणाल्या, "अर्धा स्वर तरी वर घे, बघ कसा खुलतो." मी नाही म्हणाले. मग त्यांनी माझ्याच पट्टीत, त्यांना खाली जाताना त्रास होत असूनही, मला तासभर तान शिकवली.